ताव अंधारात, पाणी उजेडात
नातवासाठी भट्टीवरचे कानमंत्र

पोरा, आयटीआयचा दाखला झाला, गॅसची भट्टी आली, तापमान मोजायची बंदूकही आली. आता कोयते-विळे तूच घडवणार म्हणतोस, तर घडव. पण बंदूक आकडा सांगते आणि लोखंड रंग सांगतं. ज्या दिवशी दोघांचं जमत नाही, त्या दिवशी कुणाचं खरं मानायचं हे बंदुकीच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते आपल्या घरात कानोकान आलंय. माझ्या आज्ज्याला अंश सेल्सियस हा शब्द ठाऊक नव्हता, त्याला रंग ठाऊक होते. मी पुढं कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या खात्यात नोकरी केली. तिथं भट्टीच्या भिंतीत थर्मोकपल आणि समोर आकड्यांची पाटी. ती पाटी वाचायला लागल्यावर आज्ज्याच्या एकेका रंगापुढं आकडा मांडता आला, आणि त्याच्या बोलण्यातलं फारसं काही खोडावं लागलं नाही.

त्याचं सगळं शहाणपण एका ओळीत मावायचं: ताव अंधारात बघायचा, पाणी उजेडात बघायचं. ताव म्हणजे भट्टीतल्या लोखंडाला चढलेली धग. पाणी म्हणजे पोलादाला दिलेला बेताचा कडकपणा. खाली सांगतोय तो या ओळीचाच विस्तार.

१. लोखंड दोनदा रंगतं, दोन्ही रंगांची गल्लत करू नको.

पोलादाचा एक तुकडा पॉलिश पेपरनं चकचकीत घास आणि हळूहळू तापव. दोनशे अंश ओलांडले की त्यावर फिकट पिवळी झाक येते. मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा, आणि सव्वातीनशेच्या पुढं करडा. तिथं पहिला खेळ संपतो. मग बराच वेळ काही घडत नाही, तुकडा काळपट दिसत राहतो. पाचशे ओलांडल्यावर दुसरा खेळ सुरू होतो: आधी काळसर लाल, मग लाल, नारिंगी, पिवळा, शेवटी पांढरा.

पहिला रंग लोखंडाच्या कातडीचा. तापल्यावर हवेतला ऑक्सिजन धरून पोलादावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही पातळ. उजेड त्या पापुद्र्याच्या वरच्या अंगावरून परततो, तसाच खालच्या अंगावरूनही. परतणाऱ्या दोन लहरी एकमेकींत मिसळताना काही रंग मारले जातात, उरलेले आपल्याला दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर जे रंग खेळतात, त्याच जातीचे हे. पापुद्रा जाड होत जातो तसा रंग बदलत जातो. हा उसन्या उजेडाचा रंग, म्हणून अंधारात तो दिसायचाच नाही.

दुसरा रंग लोखंडाच्या स्वतःच्या उजेडाचा. त्याला बाहेरचा दिवा लागत नाही, उलट बाहेरचा दिवा त्याला मारतो.

म्हणून निळं लोखंड तांबड्या लोखंडापेक्षा थंड असतं. शाळेत तुला उलटं शिकवलं असेल आणि तेही खरं आहे. मृग नक्षत्रातल्या तांबूस काक्षीचा पृष्ठभाग साडेतीन हजार केल्विनच्या आसपास तापलेला, आणि निळसर पांढऱ्या राजन्याचा बारा हजारांच्या. तारे स्वतःच्या उजेडानं दिसतात, तिथं निळा तो जास्त तापलेला. पण लोखंड १५३८ अंशांना वितळतं. स्वतःच्या उजेडानं निळं दिसण्याइतकं तापायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होईल. तेव्हा आपल्या दुकानात लोखंडावर जो निळा दिसेल तो कातडीचाच, तीनशे अंशांच्या आसपासचा, हे पक्कं धर.

२. ताव अंधारात बघ.

इंग्लंडातल्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातल्या थॉमस वेजवुडनं १७९२ मध्ये एक गोष्ट नोंदवली: वेगवेगळ्या जिनसा तापवल्या, तरी त्या लाल व्हायला लागतात त्या एकाच तापमानाला. १८४७ मध्ये अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपरनं त्या तापमानाला आकडा दिला, सुमारे ५२५ अंश सेल्सियस. असं का होतं याचा पक्का हिशेब १९०० मध्ये माक्स प्लांकनं मांडला. तुझ्यापुरतं एवढं पुरे: कुठलीही वस्तू सतत किरणं सोडत असते. थोडी तापलेली असते तेव्हा ती किरणं डोळ्याला न दिसणारी, अवरक्त. धग वाढते तशी त्यांत आखूड लहरींची भर पडते. आधी लाल, मग त्यात पिवळा-हिरवा, आणि सगळे पुरेसे मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं.

पण ड्रेपरचा पहिला लाल दिसतो तो काळोखात. भर उन्हात सहाशे अंशांचं लोखंडही काळंच वाटतं. म्हणून जुन्या लोहारशाळेत भट्टी आतल्या अंगाला असायची आणि उन्हाच्या बाजूला तट्ट्या लावलेला असायचा. उन्हात काम करणारा ‘अजून लाल झालं नाही’ म्हणत भाता मारत राहतो आणि पोलाद गरजेपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापवून बसतो. रात्री एका मिणमिणत्या बल्बखाली उलटं होतं, कमी तापलेलं पातंही लालभडक दिसतं. दिवसा चांगले निघणारे कोयते रात्री मऊ का निघतात, याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. म्हणून भट्टीची जागा एकच ठेव आणि तिथला उजेडही एकसारखा ठेव. जागा बदललीस तर डोळ्याला नव्यानं शिकवावं लागतं.

भट्टीच्या आत रंग ठरवू नको. पिवळ्याजर्द निखाऱ्यांच्या गराड्यात लाल पातं काळपट दिसतं. सांडशीनं बाहेर काढ, सावलीत धर, नजर टाक, परत घाल.

आणि अंधार म्हणजे बंद खोली नव्हे. कोळसा असो की गॅस, धगीबरोबर कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. ऊन अडव, वारा अडवू नको.

३. प्रत्येक रंगाला नाव दे, नावाला काम दे.

नुसतं ‘लाल’ म्हणणाऱ्याला ताव कळत नाही. सावलीत बघितलेल्या साध्या पोलादाचे आकडे असे धर:

६०० ते ६५० अंश – काळसर लाल
७०० – गडद लाल
७५० ते ८०० – डाळिंबी लाल
८५० ते ९०० – उजळ लाल, नारिंगीकडं झुकलेला
९५० ते १००० – नारिंगी
१०५० ते ११५० – पिवळा
१२०० – फिकट पिवळा
१३०० आणि पुढं – पांढरा

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. दोन माणसं एकाच तुकड्याला दोन नावं देतात, म्हणून वीस-तीस अंशांची फारकत धरूनच चाल. महत्त्वाचं हे की तुझ्या डाळिंबीचा अर्थ तुझ्यापुरता रोज तोच राहिला पाहिजे.

४. लाल गेला की घण थांबव.

कार्बन जास्त असलेलं पोलाद, म्हणजे आपलं तिखं, पिवळ्यावर घडवायला घे आणि डाळिंबी उतरून गडद लालवर आलं की थांब. मऊ लोखंड याच्याही वर, फिकट पिवळ्यापर्यंत सोसतं, तिखं सोसत नाही. तुझी आजी घण मारायची तेव्हा रंगावर नजर तिचीच असायची. सांडशी धरणारा आकार बघण्यात गुंतलेला असतो, रंग उतरलेला घणवाल्याला आधी दिसतो. ती ‘गेला’ म्हणाली की काम थांबायचं, मग ऐरणीवर कुणी का असेना. आता तुझ्याजवळ पॉवर हॅमर येईल. तो ‘गेला’ म्हणणार नाही, ते तुलाच म्हणावं लागेल.

सगळ्यात वाईट घाव निळ्या तावावरचा. दोनशे ते साडेतीनशे अंशांच्या पट्ट्यात साधं पोलाद गार असतानापेक्षाही ठिसूळ होतं. ‘थोडंच वाकवायचंय, गरम आहेच अजून’ म्हणून तिथं ठोकशील, तर भेग जाईल. भेग त्या वेळी दिसायचीही नाही, कोयता शेतात मोडल्यावर दिसेल. वाकवायचंच असेल तर पुरता लाल कर.

५. पिवळ्याच्या पुढं लोभ धरू नको.

दोन तुकडे ठोकून जोडायचे तर फिकट पिवळा ताव लागतो, बाराशेच्या वर. टाकणखार भुरभुरवला की कातडीवरचा पापुद्रा वितळून वाहतो आणि धातूला धातू भिडतो. तिथून पुढं पांढऱ्यावर गेलास आणि लोखंड फुलबाजीच्या ठिणग्या टाकू लागलं, की ते जळतंय असं समज. जास्त तापून नुसता कण मोठा झालेलं पोलाद पुन्हा नीट तापवून, सावकाश गार करून बरंचसं सावरता येतं. जळलेलं सावरत नाही, तेवढा भाग कापून टाक. आणि तिखं मऊ लोखंडाच्या आधी जळतं, हे जोडकाम करताना ध्यानात ठेव.

६. विझवताना रंग बघ, आणि चुंबकाची साक्ष घे.

पातं कडक करायचं तर ते ठरावीक तावावर नेऊन झटकन गार करावं लागतं. साध्या कार्बनच्या तिख्याला तो ताव ७८० ते ८२० अंशांचा, म्हणजे डाळिंबी. कमी झाला तर पातं मऊच राहतं, जास्त झाला तर कण मोठा होऊन ठिसूळ निघतं. दोन्हीकडचा तोटा मोठा आणि मधली वाट अरुंद.

इथं एक साक्षीदार फुकटात मिळतो. लोखंड ७७० अंशांच्या पुढं चुंबकाला चिकटत नाही. जुन्या स्पीकरचा चुंबक तारेला लटकवून भट्टीशेजारी ठेव. पातं टेकव: ओढलं गेलं तर परत भट्टीत घाल. चिकटायचं थांबलं की आणखी थोडा ताव दे, रंग अर्धी पायरी उजळू दे, आणि विझव. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद याहून पन्नासेक अंश वर मागतं, तेव्हा त्याला उजळ लालपर्यंत ने.

दुसरी साक्ष डोळ्याची. काळोखात नीट बघितलंस तर लाल होत जाणाऱ्या पात्यात एक सावली फिरताना दिसेल. भोवतालचं उजळतंय आणि मधेच एक पट्टा अंधारलेला. त्या पट्ट्यातलं पोलाद आतून रचना बदलत असतं आणि त्यासाठी धग गिळत असतं, म्हणून तेवढा भाग मागं राहतो. सावली पात्याच्या टोकापर्यंत सरकून नाहीशी झाली की रचना बदलली असं समज. ही सावली ज्याला दिसायला लागली, त्याला चुंबकाची गरज उरत नाही.

कमानपाट्याचं आणि पातळ पात्याचं काम तेलात विझव, पाण्यात ते तडकतं. तेल पत्र्याच्या डब्यात ठेव, झाकण हाताशी ठेव, प्लास्टिकची बादली भट्टीजवळ आणूच नको.

७. पाणी उजेडात बघ.

विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. तसंच दिलंस तर पहिल्या खड्याला तुकडा उडेल. म्हणून त्याला पुन्हा थोडं तापवून ताण उतरवायचा, आणि किती उतरवायचा ते कातडीचा रंग सांगतो. आता अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेर ये. हा उसन्या उजेडाचा रंग आहे, त्याला स्वच्छ पांढरा उजेड लागतो. उत्तरेकडच्या खिडकीचा मिळाला तर उत्तम. छपराला हिरवा किंवा निळा फायबरचा पत्रा असेल तर त्याखाली पाणी बघायला बसू नको, तो पत्रा तुझा जांभळा खाऊन टाकतो. बल्ब घ्यायचा तर खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला घे. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावलास तर फिकट पिवळा रंग तुला दिसायचाच नाही.

पातं आधी चकचकीत घास आणि घासल्यावर बोट लावू नको. बोटाचं तेल लागलं की तिथला रंग वेगळा उमटतो आणि फसवतो. मग धारेच्या उलट बाजूनं, म्हणजे पाठीकडून, सावकाश तापव. रंगांची रांग पाठीकडून धारेकडं चालत येते. हवा तो रंग धारेवर आला की पाण्यात बुडव. आकडे असे:

२२० अंश, फिकट पिवळा – वस्तरा, खरवडायची पाती
२४०, गडद पिवळा – रंध्याचं पातं, पोगर
२६०, तपकिरी – सुताराची पटाशी, वाकस
२८०, जांभळा – कुऱ्हाड, लोखंड तोडायची छिन्नी
३००, निळा – करवत, स्प्रिंग, पेचकस

रंग पुढं सरकेल तसं पातं मऊ आणि चिवट होतं. मागं राहील तसं कडक आणि ठिसूळ. ज्याला नुसतं कापायचंय ते पिवळ्यावर थांबव, ज्याला मार खायचाय ते जांभळ्या-निळ्यावर. ऊसतोडीचा कोयता जांभळ्याच्या पुढं, निळा डोकावेपर्यंत ने. तो उसाच्या बुडख्याबरोबर माती आणि दगडही खातो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, यावरून त्या पात्यावर किती अवलंबून असतं ते समज. त्यांची धार दुपारी वळली की दोघांची मजुरी वळली.

छिन्नी आणि पहार यांना एकाच तावात दोन्ही कामं करता येतात. टोकाकडची चार-पाच बोटं लाल कर, त्यांतली दोन बोटंच पाण्यात विझव, बाहेर काढ, टोक पटकन दगडानं घासून उजळ कर. मागच्या भागात उरलेली धग आपोआप टोकाकडं येते आणि रंग चालू लागतात. जांभळा टोकाला पोचला की पुरतं बुडव. इथं घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही. पहिल्यांदा करशील तेव्हा भोवती गप्पा मारणारं कुणी ठेवू नको.

दोन पथ्यं. एक, पापुद्रा नुसत्या धगीनं वाढत नाही, वेळेनंही वाढतो. बेकिंग ओव्हनमध्ये पातं तासभर ठेवलंस तर कमी तापमानालाही पुढचा रंग उमटतो. वरचे आकडे काही मिनिटांत तापवण्याचे आहेत. ओव्हन वापरायचा असेल तर त्यात आकड्याचं ऐक. दुसरं, हे आकडे साध्या कार्बनच्या पोलादाचे. स्टेनलेसवर तोच फिकट पिवळा तीनशेच्या आसपास उमटतो आणि निळा पाचशेच्या पुढं, कारण त्याच्यातलं क्रोमियम पापुद्रा सहज वाढू देत नाही. स्टेनलेसच्या सुरीला हा तक्ता लावू नको.

८. धारेवरचा निळा ही तक्रार असते, वाचायला शीक.

स्वतःच्या उजेडाचा रंग गार झाल्यावर जातो. कातडीचा रंग राहतो. गिऱ्हाईक कोयता पाजवायला आणतं आणि धारेवर निळा डाग असतो. तो सांगतो की कुणीतरी ग्राइंडरवर जोर देऊन धार तीनशेपर्यंत तापवली आणि तेवढ्या जागेचं पाणी उतरलंय. तो डाग नुसता घासून काढलास तर पातं चकचकीत होईल, कडक होणार नाही. मऊ झालेला भाग संपेपर्यंत धार मागं न्यायची, नाहीतर पातं पुन्हा विझवून पाणी द्यायचं, दोनच वाटा. स्वतः ग्राइंडरवर बसशील तेव्हा पातं उघड्या हातानं धर आणि बोटाला चटका बसायच्या आधी पाण्यात बुडव.

मात्र हायस्पीड पोलादाचं ड्रिल निळं झालं म्हणून फेकून देऊ नको. त्याची जात वेगळी, पाचशेच्या वरही ते आपला कडकपणा सोडत नाही. निळं पडलेलं साधं कार्बनचं ड्रिल मात्र कामातून गेलं.

९. काळं म्हणजे थंड नव्हे.

हा मंत्र जिवाचा आहे. लाल लोखंडानं सहसा कुणी भाजत नाही, त्याला सगळे भितात. माणसं भाजतात ती काळ्यानं. ऐरणीशेजारी टाकलेला तुकडा चारशे अंशांवर असतो आणि गार तुकड्यासारखाच काळा दिसतो. दुकानात आलेलं लहान पोर नेमकं तोच उचलतं. भट्टीतून निघालेला माल ठेवायची जागा एकच ठरव, वाळू भरलेलं घमेलं असलं तरी चालेल, आणि बाजूला खडूनं ‘गरम’ लिही. उचलण्याआधी हाताची मागची बाजू वितीवर धरून धग बघ, मग पाण्याचा थेंब टाक. थेंब चरचरला तर हात लावू नको. थेंब न चरचरता गोळी होऊन पळत सुटला, तर ते आणखीच तापलेलं आहे.

१०. प्रत्येक धातू रंगानं बोलत नाही.

अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. शिवाय चकचकीत अॅल्युमिनियम फार कमी उजेड सोडतं, त्यामुळं लालीची वाट बघत बसलास तर तुकडा ढासळून भट्टीत पडेल. वाकवण्याआधी ते मऊ करायचं असेल तर त्यावर साबणाची रेघ ओढ आणि तापव. रेघ काळी पडली की धग काढून घे. काचेचंही तसंच, गरम काच आणि गार काच दिसायला एक.

पितळ आणि गॅल्व्हनाइझ्ड पत्रा यांच्यात जस्त असतं. तापवताना पांढरा धूर निघाला की ते जस्त जळतंय. तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गॅल्व्हनाइझ्ड पाइपचा तुकडा भट्टीत घालूच नको.

११. ज्वाळेचा रंग वाचू नको.

रंग वाचायचा तो घन वस्तूचा. गॅसची निळी ज्वाळा निळी दिसते ती जळणाऱ्या वायूतल्या रेणूंमुळं, तिला वरचा तक्ता लागू नाही. पिवळी ज्वाळा पिवळी दिसते ती तिच्यातल्या तापलेल्या काजळीमुळं. चिमूटभर मीठ पडलं तरी ज्वाळा पिवळीधमक होते, धग तेवढीच राहते. ज्वाळेवरून हवा कमी की जास्त ते कळतं, लोखंडाचा ताव कळत नाही.

१२. बंदुकीला चकचकीतपणा चालत नाही.

तुझी बंदूक अवरक्त किरणं मोजते, तिचा लाल ठिपका नुसता नेम दाखवायला असतो. वस्तू काळपट आहे असं धरूनच बहुतेक बंदुका हिशेब करतात. आरशासारखं घासलेलं पातं फार कमी किरणं सोडतं आणि भोवतालची परतवतं. ते दीडशे अंशांवर असलं तरी बंदूक त्याच्या निम्मंसुद्धा दाखवेल असं नाही. तोच तुकडा काळ्या पापुद्र्याचा असेल तर आकडा बराच खरा येतो. तेव्हा मोजायचा भाग काजळीनं किंवा उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगानं माखून घे. जवळून मोज, कारण लांब गेलं की बंदूक पात्याबरोबर मागची भिंतही मोजते. आणि बऱ्याच स्वस्त बंदुकांची मजल चार-साडेपाचशे अंशांपर्यंतच असते, म्हणजे विझवायच्या तावाला त्या पोचतच नाहीत. तिथं डोळा आणि चुंबक.

१३. डोळे हेच हत्यार आहे.

पांढऱ्या तावाकडं उघड्या डोळ्यांनी टक लावू नको. भट्टीच्या अवरक्त किरणांनी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होतो, काच कारखान्यांतल्या कामगारांत हे फार आधीपासून दिसलं आहे. भट्टीत बघायचं असेल तेव्हा त्या कामाचा गडद चष्मा लाव. रंग ठरवायच्या वेळी तो काढून सावलीतल्या पात्याकडं बघ. मधे मोबाइलच्या पडद्याकडं बघितलंस तर डोळा पुन्हा बसेपर्यंत थांब. आणि माझ्या डोळ्यावर तुझं काम तोलू नको, वयानं डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा-जांभळा रंग आधीसारखा कळत नाही.

आता काम सांगतो. जुनी मोडकी कानस घे, ती चांगल्या कार्बनची असते. तिचे दात घासून काढ, लाल करून राखेत रात्रभर गार होऊ दे म्हणजे मऊ होईल. मग तिच्यावर दोन-दोन बोटांवर करवतीनं खाचा पाड. एक टोक भट्टीत घालून असं तापव की टोकाला पिवळा, मग नारिंगी, उजळ लाल, डाळिंबी, काळसर लाल आणि शेवटी काळा असे सगळे ताव एकाच पट्टीवर दिसतील. कोणत्या खाचेला कोणता रंग होता ते ध्यानात ठेव आणि पट्टी पाण्यात विझव. डोळ्यावर चष्मा लावून, फडक्यात गुंडाळून, टोकाकडून एकेका खाचेवर तोड. पिवळ्याचा तुकडा सहज तुटेल आणि आतला कण साखरेएवढा जाडा दिसेल. काळ्याचा तुटण्याआधी वाकेल. मधे कुठंतरी एक तुकडा असा निघेल की तुटताना जोर लागेल आणि आतला कण डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक असेल. त्या तुकड्याचा जो रंग होता, तोच तुझ्या भट्टीतला, तुझ्या उजेडातला, तुझ्या डोळ्याचा विझवायचा रंग. तो माझ्या तक्त्याशी जुळला नाही तर तक्ता खोड आणि तुझा रंग भिंतीवर लिहून ठेव.